थट्टेवारीचा इंग्रजी शब्द

इंग्रजी वर्तमानपत्र नियमाने वाचणाऱ्याला एक शंका कधी ना कधी येतेच. एखाद्या पुढाऱ्याच्या विधानावरून गदारोळ उठतो, दुसऱ्या दिवशी खुलासा छापून येतो आणि त्या खुलाशात बरेचदा दोन शब्द असतात: ‘इन जेस्ट’. साहेब ते गमतीने बोलले होते, असा अर्थ आपण लावतो आणि तो बरोबरही असतो. पण शाळकरी पोरालाही ठाऊक असलेला ‘जोक’ हा शब्द हाताशी असताना हा ‘जेस्ट’ कशाला? बोलताना तो आता क्वचितच कुणाच्या तोंडी येतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही मित्राला ‘जोक’ सांगतात, ‘जेस्ट’ सांगत नाहीत. मग इतका जुन्या वळणाचा शब्द मोडीत का निघाला नाही?

तो टिकला, कारण त्याचे काम ‘जोक’ला जमत नाही. जोक ही सांगायची, ऐकायची, पुन्हा दुसऱ्याला ऐकवायची वस्तू आहे. जेस्ट हे बोलणाऱ्याच्या पवित्र्याचे नाव आहे. मराठीत आपण विनोद ‘सांगतो’, पण एखादी गोष्ट थट्टेवारी ‘नेतो’. थट्टेवारी नेलेल्या गोष्टीत विनोद असावाच लागत नाही, ती गांभीर्याने घेतलेली नसली की पुरते. ‘इन जेस्ट’ म्हणजे हे ‘थट्टेवारी’. हा फरक शब्दाच्या जन्मापासून कसा घडत आला, ते आता क्रमाने पाहू.

१. पराक्रमाची कथा

लॅटिनमध्ये ‘गेरेरे’ असे क्रियापद आहे. वाहणे, पार पाडणे, करणे हे त्याचे अर्थ. त्यावरून ‘गेस्टा’ म्हणजे पार पाडलेल्या गोष्टी, कृत्ये, पराक्रम. रोमचा सम्राट ऑगस्टस याने स्वतःच्या कारकिर्दीचा जो वृत्तांत कोरून घेण्यासाठी मागे ठेवला, तो ‘रेस गेस्टे’ याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडचे वकील हेच शब्द ‘रेस जेस्टे’ असे उच्चारतात. एखाद्या घटनेच्या ओघातच जे घडले किंवा बोलले गेले ते पुराव्यात घेता येते, हे तत्त्व त्या नावाने सांगितले जाते. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यात ते कलम ६ मध्ये होते, २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ४ मध्ये आहे. म्हणजे ‘जेस्ट’चा पूर्वज आपल्या जिल्हा न्यायालयांत आजही रोज हजर असतो आणि तिथे त्याचा हसण्याशी काडीचा संबंध नाही.

हा ‘गेस्टा’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ झाला शूरांची कथा. फ्रान्समध्ये वीरांची दीर्घकाव्ये होती त्यांना ‘शान्सों द जेस्त’ म्हणत. इंग्रजीतले रॉबिन हूडवरचे सर्वांत प्रसिद्ध जुने कथाकाव्य ‘ए जेस्ट ऑफ रॉबिन हूड’ या नावाने छापले गेले. हे नाव वाचून रॉबिन हूडचे विनोद असा अर्थ कुणी लावला तर फसगत होईल. तिथे ‘जेस्ट’ म्हणजे चरित्रकथा. मोठ्या घरांच्या मेजवान्यांत अशा कथा म्हणून दाखवणाऱ्याला ‘जेस्टर’ म्हणत. हा शब्द आपण पुढे राजाच्या विदूषकासाठी वापरलेला पाहतो, पण आरंभी तो कथेकऱ्याचा होता.

पराक्रमाची कथा थट्टा कशी झाली? अर्थ एका उडीत बदलला नाही. आधी ‘शूराची कथा’ नुसती ‘कथा’ झाली, मग ‘करमणुकीची कथा’, मग ‘कुणाची तरी फजिती सांगणारी कथा’. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचा ‘थट्टेचे बोलणे’ असा अर्थ रुळला. मधली पायरी पाहायची असेल तर इंग्लंडमधली त्या काळची ‘जेस्ट-बुक्स’ पाहावीत. रिचर्ड टार्लटन हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला लाडका विनोदी नट. तो १५८८ मध्ये वारला आणि नंतर त्याच्या नावावर ‘टार्लटन्स जेस्ट्स’ हे पुस्तक खपू लागले. त्यातले ‘जेस्ट’ म्हणजे टार्लटनने कुणाला कसे बनवले, कुणाची कशी खोडी काढली, कुणाला काय फटकन उत्तर दिले याचे किस्से आहेत. अजून ती कृत्येच आहेत, फक्त आता ती तलवारीची नाहीत.

याला मराठीत एक जोडीदार आहे, तो म्हणजे ‘चेष्टा’. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, कृती. हिंदीत आजही ती ‘प्रयत्न’ या अर्थाने चालते. मराठीत मात्र चेष्टा म्हणजे थट्टा आणि दुष्टपणाने केली तर कुचेष्टा. जुना अर्थ आपल्याकडे साफ पुसलेला नाही. ‘निश्चेष्ट पडला’ म्हणतो तेव्हा तो हालचालीविना पडलेला असतो. मधली पायरीही शिल्लक आहे: ‘मर्कटचेष्टा’. माकडाच्या त्या हालचालीच असतात, पण हसू आणणाऱ्या, खोडकर. कृती, मग खोडी, मग थट्टा, असा प्रवास लॅटिन गेस्टाने केला आणि संस्कृत चेष्टेनेही केला. या दोन शब्दांचा मूळ धातू एक नाही, एकाने दुसऱ्याकडून काही घेतलेलेही नाही. तरीही वाट तीच निघाली, यावरून मला असे वाटते की थट्टा ही माणसाला आधी ‘केलेली गोष्ट’ म्हणून दिसते, ‘सांगितलेली गोष्ट’ म्हणून नंतर. आजही आपण थट्टा ‘करतो’.

शब्दाचे जुने आणि नवे टोक एकाच कथेत दिसते ते ‘हॅम्लेट’मध्ये. इ. स. १२००च्या सुमारास सॅक्सो ग्रॅमॅटिकस या डॅनिश लेखकाने डेन लोकांचा इतिहास लिहिला. त्याचे नाव ‘गेस्टा डॅनोरम’, डेन लोकांचे पराक्रम. त्यात आम्लेथ या राजपुत्राची कथा आहे आणि शेक्सपिअरच्या नाटकाचे मूळ तीच. चारशे वर्षांनी त्या नाटकात कबरीतून राजविदूषक यॉरिकची कवटी वर येते, तेव्हा हॅम्लेट त्याच्या अफाट विनोदबुद्धीची आठवण काढताना ‘जेस्ट’ हाच शब्द वापरतो. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाने १९९६च्या आपल्या प्रचंड कादंबरीला नाव दिले तेही याच प्रवेशातून उचलून. मराठी वाचकाला हे नाटक जुन्या ओळखीचे आहे. आगरकरांचे त्यावरून केलेले ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

२. ‘जोक’ आला तेव्हा

‘जोक’ हा इंग्रजीतला उशिरा आलेला पाहुणा. तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. तो लॅटिन ‘जोकुस’ या शब्दावरून आला, आणि ‘जोकुस’ मुळातच थट्टा-मस्करीचा शब्द. म्हणजे दोघांचे पहिले अक्षर एक, अर्थ जवळचे, पण घराणी वेगळी. त्याच सुमारास ‘बँटर’ हाही शब्द शहरी बोलीतून वर आला. असे शब्द जुन्या वळणाच्या लेखकांना उथळ वाटत. जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये ‘टॅटलर’ नियतकालिकात ‘मॉब’ आणि ‘बँटर’ या शब्दांविरुद्ध जाहीर तक्रार केली होती. पण तक्रारींनी शब्द थांबत नाहीत.

तरी ‘जेस्ट’ने लगेच जागा सोडली नाही. १७३८ मध्ये जो मिलर नावाचा नट वारला आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव लावून विनोदांचा एक संग्रह बाजारात आला. त्याचे नाव ‘जो मिलर्स जेस्ट्स’. ‘जोक्स’ नव्हे. पुस्तक इतके खपले आणि त्यातले विनोद इतके घासले गेले, की पुढे शिळ्या विनोदालाच इंग्रजीत ‘जो मिलर’ म्हणू लागले. म्हणजे अठराव्या शतकातही सांगायच्या विनोदाला ‘जेस्ट’ चालत होता. नंतर मात्र ती जागा ‘जोक’ने पूर्ण घेतली. आखूड, ठसकेबाज, बोलायला सोपा शब्द होता तो.

जागा गेल्यावर ‘जेस्ट’ला उरले काय? उरले ते विरोधाचे नाते. इंग्रजीत ‘जेस्ट’च्या समोर ‘अर्नेस्ट’ उभा असतो: एक थट्टेचा, दुसरा कळकळीचा. जोकच्या समोर असा कुणी नाही. कारण वस्तूला विरुद्धार्थी शब्द सहसा नसतो, पवित्र्याला असतो. जेस्ट टिकला तो याच जोडीतला एक म्हणून.

३. विदूषकाचा परवाना

पवित्र्यालाच महत्त्व असते हे राजदरबारातल्या जेस्टरच्या नोकरीत सर्वांत स्पष्ट दिसते. आठव्या हेन्रीच्या पदरी विल सॉमर्स होता, पहिल्या जेम्सच्या आणि नंतर पहिल्या चार्ल्सच्या पदरी आर्ची आर्मस्ट्राँग. यांना जे बोलता येई ते मंत्र्याला बोलता येत नसे. शब्द तेच, पण ते थट्टेवारी बोलले गेले आहेत असे आधीच गृहीत धरलेले. परवाना होता तो या गृहीताला.

आणि परवाना रद्दही होई. १६३७ मध्ये स्कॉटलंडमध्ये नवी प्रार्थनापुस्तिका लादण्यावरून उठाव झाला. त्या धोरणामागे कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम लॉड होता. स्कॉटलंडचाच असलेल्या आर्चीने त्यावरून लॉडला तोंडावर डिवचले. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि आर्चीला त्याचा विदूषकाचा अंगरखा उतरवून दरबारातून हाकलण्यात आले. लॉडला आर्ची पूर्वीही आवडत नव्हता, पण पूर्वी त्याचे बोलणे थट्टा म्हणून सोडून द्यावे लागे. या वेळी ऐकणाऱ्यांनी ते गांभीर्याने घ्यायचे ठरवले. ते थट्टेवारी न्यायचे की नाही हे ऐकणाऱ्याच्याही हातात असते, ही गोष्ट पुढे न्यायालयात पुन्हा भेटेल.

४. न हसवणारी थट्टा

‘जेस्ट’मध्ये विनोद असावाच लागत नाही, या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा फ्रान्सिस बेकनचा. १६२५ मध्ये छापलेल्या त्याच्या सत्याविषयीच्या निबंधाच्या आरंभीच रोमन सुभेदार पाँटियस पायलट येतो. येशूची चौकशी करताना पायलटने सत्य म्हणजे काय असे विचारले, ही बायबलमधली प्रसिद्ध घटना. बेकनने या पायलटला ‘जेस्टिंग’ असे विशेषण लावले. आता त्या प्रसंगात हसण्यासारखे काहीच नाही. एका माणसाच्या प्राणांचा प्रश्न आहे आणि कुणी कोटी केलेली नाही. बेकनचा रोख वेगळा आहे: प्रश्न विचारला खरा, पण उत्तर हवे होते म्हणून नव्हे. उत्तराला थांबायची तयारी नव्हती. प्रश्न थट्टेवारी विचारला होता. इथे ‘जोकिंग’ घालून पाहिले तर वाक्य मोडते आणि पायलट विनोदवीर होऊन बसतो.

हेच दोन शब्द ऑल्डस हक्सलेने तीनशे वर्षांनी आपल्या प्रवासवर्णनाच्या नावासाठी घेतले. ‘जेस्टिंग पायलट’ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात त्याने पाहिलेल्या मुंबईचे व भारताचे वर्णन आहे. ते विनोदी पुस्तक समजून हाती घेणाऱ्याची निराशा होईल.

५. जेव्हा थट्टेवर शेत विकले जाते

‘जेस्ट’ आज सर्वांत जबाबदारीचे काम करतो ते कायद्याच्या इंग्रजीत. थट्टेत दिलेले वचन बांधील असते का, हा तिथला प्रश्न. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला ‘लूसी विरुद्ध झेमर’ हा १९५४चा निकाल कराराचा कायदा शिकणाऱ्या बहुतेक प्रत्येक अमेरिकन विद्यार्थ्याला वाचावा लागतो. डिसेंबर १९५२ मधली शनिवारची रात्र. झेमर आपल्या उपाहारगृहात होता. लूसी आला, दोघांनी मद्य घेतले आणि गाडी झेमरच्या शेतावर आली. चारशे एकराहून मोठे शेत. पन्नास हजार डॉलरला देशील का, असा प्रश्न झाला. झेमरने गिऱ्हाइकाच्या बिलाच्या कोऱ्या पाठीवर विक्रीचा मजकूर लिहिला. आधी ‘मी’ असे लिहिले होते. बायकोचीही सही लागेल म्हणून तो कागद बाजूला करून ‘आम्ही’ असे पुन्हा लिहिले. दोघांनी सह्या केल्या. हे बोलणे अर्ध्या तासाहून जास्त चालले होते. लूसीने व्यवहार पक्का करायला पाच डॉलर पुढे केले, तेव्हा झेमर म्हणाला की ही तर थट्टा होती.

खालच्या न्यायालयाने झेमरचे ऐकले, वरच्याने ऐकले नाही. त्याचे म्हणणे असे, की झेमरच्या मनात थट्टा होती असे मानले तरी ती लूसीला दिसली नाही आणि दिसावी असे काही घडलेही नाही. दोनदा लिहिलेला कागद, दोन सह्या, हक्काच्या कागदपत्रांची तपासणी करून घेण्याची अट: हा सगळा कळकळीचा व्यवहार दिसतो. मनात दडवलेली थट्टा कायद्याला दिसत नाही. शेत विकले गेले.

दुसरे टोक १९९९चे. पेप्सीच्या एका जाहिरातीत गुण साठवून वस्तू मिळवायची योजना होती. शेवटी एक शाळकरी मुलगा हॅरियर लढाऊ विमानातून शाळेत उतरतो आणि पडद्यावर किंमत येते: ७० लाख गुण. गुण पैसे देऊनही विकत घेता येत होते, एकेक दहा सेंटला. एका तरुणाने हिशेब केला आणि १५ गुणांसोबत ७,००,००८ डॉलर ५० सेंटचा धनादेश पाठवून विमान मागितले. त्या विमानाची किंमत सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर होती. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश किंबा वुड यांनी दावा फेटाळला. जाहिरात उघड उघड ‘इन जेस्ट’ होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि ती गंमत का आहे याचे विवेचनच निकालात केले. कंपनीने मात्र दुरुस्त जाहिरातीत गुण ७० कोटी केले आणि खाली शब्द घातले ‘जस्ट किडिंग’. एकाच गोष्टीला विकणाऱ्याने ‘किडिंग’ म्हटले आणि न्यायालयाने ‘जेस्ट’.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की ‘किडिंग’ आणि ‘जोकिंग’ हेही पवित्राच सांगतात. ‘आय वॉज जोकिंग’ म्हणजे मी गांभीर्याने बोललो नाही. मग जेस्टचे वेगळेपण कुठे राहिले? आक्षेप खरा आहे आणि सीमारेषा पुसट आहे हे मान्य करायला हवे. पण हे शब्द कोण वापरतो ते पाहावे. ‘किडिंग’ बोलणारा स्वतः म्हणतो, तिथल्या तिथे, समोरच्याला. ‘इन जेस्ट’ बहुतेक वेळा तिसरा माणूस म्हणतो, मागाहून, लिहिताना: बातमीदार, चरित्रकार, न्यायाधीश. त्याला बोलणाऱ्याचा पवित्रा ठरवायचा असतो आणि बोलणे हसण्याजोगे होते की नाही याची हमी द्यायची नसते. ‘जोक’ म्हटले की ती हमी थोडीफार येतेच. फसलेला जोक लाजिरवाणा होतो. ‘इन जेस्ट’ बोललेले वाक्य कुणालाही हसवू शकले नाही तरी ते ‘इन जेस्ट’च राहते.

दुसरा आक्षेप जास्त कडक आहे. हा सारा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे, ‘इन जेस्ट’ हा निव्वळ सवयीने उरलेला ठोकळा आहे, असे कुणी म्हणेल. भाषेत असे ठोकळे उरतात हे खरेच. आपल्याकडे १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणा गेला, पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. तरी आपण ‘सोळा आणे खरे’ म्हणतो. पण तो शब्दप्रयोग टिकला कारण ‘शंभर पैसे खरे’ याला ती चव नाही. म्हणजे ठोकळा असला तरी त्याची जागा दुसऱ्याला घेता येत नाही. ‘इन जेस्ट’चेही तेच. तिथे ‘इन जोक’ असे म्हणून पाहावे: इंग्रजीत ते उभेच राहत नाही.

७. वापरायचा कसा

मराठी माणसाने इंग्रजी लिहिताना हा शब्द कुठे वापरावा? एखाद्याचे बोलणे गंभीर नव्हते असे नोंदवायचे असेल तर ‘शी सेड इट इन जेस्ट’ हे उत्तम. अर्धे खरे, अर्धे थट्टेचे असेल तर ‘हाफ इन जेस्ट’. थट्टा पुरे, आता मुद्द्याचे बोलू, यासाठी ‘जेस्टिंग अपार्ट’ चालते, पण ते जरा भरजरी वाटते. ‘ही टोल्ड मी ए जेस्ट’ मात्र लिहू नये. तिथे जोकच हवा. बोलताना ‘आर यू जेस्टिंग?’ असे विचारले तर ऐकणाऱ्याला आपण नाटकातले पात्र बोलतोय असे वाटेल, तिथे ‘किडिंग’ किंवा ‘जोकिंग’ बरा. आणि ‘जिस्ट’शी गल्लत टाळावी. ‘जिस्ट’ म्हणजे सारांश, तात्पर्य. तो जुन्या फ्रेंच कायदेशीर भाषेतून आला आणि त्याचा या घराण्याशी संबंध नाही. उच्चारात फरक एका मात्रेचा आहे, अर्थात फार मोठा.

आता पहिल्या शंकेकडे. पुढाऱ्याचे बोलणे ‘इन जेस्ट’ होते असा खुलासा वाचला, तर ते विनोदी होते की नाही हा वाद घालत बसू नका, कारण खुलासा तसे म्हणतच नाही. व्हर्जिनियाच्या न्यायालयाने विचारले तेच विचारा: थट्टा बोलताना दिसत होती, की अंगाशी आल्यावर आठवली? भाषणाची चित्रफीत उपलब्ध असेल तर ती पूर्ण पाहा, समोरच्या लोकांनी ते कसे घेतले ते पाहा आणि मग खुलाशावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा.